टेलिफोनचा महाराष्ट्र

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य बहुधा मालोजीराजांच्या इंदापूरच्या लढाईपासून आरंभ करतो, बारामतीकर नाइकांच्या वाड्यापाशीं कांहीं वेळ रेंगाळतो, मोरोपंतांस वंदन करतो आणि नीरेच्या डाव्या कालव्यानें उंसाच्या मळ्यांत उतरून साखर कारखान्यांच्या धुराड्यांपाशीं येऊन थांबतो. हा मार्ग चांगला आहे व तो आम्हांसही प्रिय आहे. परंतु या मुलखाच्या अगदीं अलीकडच्या इतिहासांत एक सरहद्द होऊन गेली, तिच्याकडे इतिहासकारांचें लक्ष सहसा जात नाहीं. ती कोणत्याही तहानें ठरलेली नव्हती. तिच्यावर चौकी नव्हती, नाका नव्हता. तरी गेल्या शतकाच्या अखेरीपासून पुढें जवळजवळ वीस वर्षें तिची जकात बिनचूक वसूल होत होती. इंदापुराहून एस. टी. नें मुंबईस निघालेला गृहस्थ घाट उतरून नवी मुंबईच्या हद्दींत शिरला, कीं त्याच्या खिशांतील मोबाइलवर भलत्याच कंपनीचें नांव उमटे, आणि त्या क्षणापासून त्यानें फोन केला तर जादा पैसे पडतच, पण गांवाहून आलेला फोन नुसता उचलला तरी ते पडत. यालाच ‘रोमिंग’ म्हणत.

आतां या सरहद्दीचें विलक्षणपण पाहा. हाच गृहस्थ नीरा ओलांडून फलटणास गेला, तर कांहीं बदलत नसे. १९४८ पर्यंत नीरेच्या त्या तीरावर निंबाळकरांचें संस्थान होतें, म्हणजे खरी राजकीय सरहद्द जर कोठें असेल तर ती तेथें. टेलिफोनला तिची आठवणही नव्हती. तो गोंदियास गेला, भामरागडास गेला, तरी तो घरींच. इतकेंच काय, सावंतवाडीच्या पुढें जाऊन तो पणजीच्या बाजारांत उभा राहिला, तरी टेलिफोनच्या दृष्टीनें त्यानें महाराष्ट्र सोडलेला नव्हता. बेळगांवास मात्र तो परका, आणि दादरास, गिरगांवांत, परळांतही परकाच. ज्या गोव्यानें १६ जानेवारी १९६७ च्या जनमतकौलांत महाराष्ट्रांत विलीन होण्यास नकार दिला, तो टेलिफोनच्या महाराष्ट्रांत होता. आणि जी मुंबई महाराष्ट्रास मिळावी म्हणून शंभरांहून अधिक माणसांनीं प्राण दिले व १ मे १९६० रोजीं जी या राज्याची राजधानी झाली, ती त्या महाराष्ट्राच्या बाहेर होती. हा नकाशा कोणीं काढला, कां काढला, आणि त्याची किंमत कोणीं मोजली, हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

मुंबईचा टेलिफोन आणि मुलखाचा टेलिफोन यांची ताटातूट मुळांत मोबाइलनें केलेली नाहीं. ती शंभर वर्षें जुनी आहे. १८८२ सालीं कलकत्ता, मद्रास व मुंबई या शहरांत टेलिफोनचीं केंद्रें निघालीं, तीं खाजगी कंपनीनें काढलीं. श्रीमंत पेढ्या, कापसाचे व्यापारी, गोदीचे दलाल हें सर्व गिऱ्हाईक एका शहरांत दाटीनें मिळत असल्यामुळें तेथें तारा ओढणें फायद्याचें होतें. मुलखांत तसें नव्हतें. म्हणून मुलूख सरकारच्या पोस्ट-तार खात्याकडे राहिला. १८८५ च्या तार कायद्यानें तारेचा एकाधिकार सरकारनें आपल्याकडे ठेवला व कंपन्यांस परवान्यानें धंदा करूं दिला. हाच कायदा पुढें मोबाइलच्या परवान्यांसही आधार झाला, आणि २०२३ सालीं नवा दूरसंचार कायदा होईपर्यंत तो पुस्तकांत होता. १९४३ सालीं सरकारनें मुंबईची टेलिफोन कंपनी विकत घेतली, तेव्हां प्रथमच मुंबई व मुलूख एका धन्याखालीं आले. ही एकी पुरती त्रेचाळीस वर्षें टिकली. १९८६ सालीं मुंबई व दिल्ली या दोन शहरांचे टेलिफोन काढून महानगर टेलिफोन निगम या वेगळ्या संस्थेस दिले गेले. उरलेला देश खात्याकडे राहिला आणि २००० सालीं तो भारत संचार निगमाकडे गेला. दोन्ही संस्था सरकारच्याच. परंतु त्यांची हद्द कल्याण व नवी मुंबई यांच्या पलीकडे एकमेकींस भिडत असे, आणि पुढें त्यांचा मोबाइलवाला गिऱ्हाईकही एकीकडून दुसरीकडे गेला म्हणजे पाहुणा ठरे. एकाच बापाच्या दोन लेकी, पण चुली वेगळ्या.

१९९४ चें राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर झालें तेव्हां मोबाइलचे परवाने द्यावयाचे होते, आणि देशाचे तुकडे कसे पाडावे हा प्रश्न होता. उत्तर कचेरींत तयारच होतें. चार महानगरें वेगळीं, व बाकीच्या देशासाठीं खात्याचीं जुनीं मंडळें, म्हणजे ‘सर्कलें’. खात्याच्या महाराष्ट्र मंडळांत गोवा पूर्वीच घातलेला होता, जसा तो टपालाच्या महाराष्ट्र मंडळांत आजही आहे. म्हणून गोवा आंत आला. मुंबई निगमाकडे गेलेली होती, म्हणून ती बाहेर राहिली. यांत कोणाचा डाव शोधण्याचें कारण नाहीं. राज्यांच्या सीमांसाठीं माणसें लढलीं, आयोग बसले, ग्रंथ झाले. टेलिफोनची सीमा एका जुन्या फाइलीवरून दुसऱ्या फाइलीवर उतरून घेतली गेली. मुंबईंत बी. पी. एल. व हचिसन मॅक्स यांस परवाने मिळाले, महाराष्ट्र मंडळांत बी. पी. एल. व बिर्ला-ए. टी. अँड टी. यांस. ही दुसरी कंपनी पुढें ‘आयडिया’ या नांवानें प्रसिद्ध झाली. बारामतीकडील पुष्कळ लोकांच्या खिशांत तिचेंच कार्ड असे. आणि मुंबईंत तिची स्वतःची सेवा ऑगस्ट २००८ पर्यंत नव्हतीच. म्हणजे इतकीं वर्षें तिचा गिऱ्हाईक राजधानींत गेला कीं त्यानें दुसऱ्याच्या दारीं उतरावें, हा क्रमच होता.

दुसऱ्याच्या दारीं उतरणें या मुलखास नवें नव्हतें. १९१४ सालीं दौंड-बारामती रेल्वे सुरू झाली ती अडीच फुटी अरुंद रुळांची. दौंडास मोठ्या रुळांची गाडी उभी असे. बारामतीचा गूळ दौंडापर्यंत एका डब्यांत जाई व तेथें हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यांत. रुळांचीं दोन मापें जुळत नाहींत तेथें माल उतरवावाच लागतो, तें समजण्यासारखें आहे. पण मोबाइलच्या बाबतींत मापें जुळत होतीं, आणि तीं जुळावींत म्हणूनच तर ही सारी पद्धति निर्माण झाली होती.

ती पद्धति समजून घेण्यास आमच्या वाचकांनीं यंत्रविद्या शिकण्याचें कारण नाहीं. त्यांनीं हुंडी आठवावी. बारामतीचे नाईक-जोशी हें सावकारांचें घराणें. पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई या घरांत दिलेली. खुद्द बाजीराव या घराचा मोठा ऋणको. आणि १७४० सालीं तो वारल्यावर बाबूजी नाइकांनीं रघूजी भोसल्यांच्या पाठबळानें पेशवाईच आपल्या घरीं आणण्याचा प्रयत्न केला, हें सर्वांस ठाऊक आहे. त्या काळीं पुण्याच्या पेढीनें लिहून दिलेली दर्शनी हुंडी काशीच्या पेढीवर सकारली जाई ती कशाच्या जोरावर? हुंडी आणणारा मनुष्य काशीच्या सावकारास ओळखीचा नसे. ओळख दोन पेढ्यांची असे. काशीवाला रोकड मोजी, वहींत पुण्याच्या नांवें टाकी, पुढें दोघांचा हिशेब होई, आणि या उपकाराबद्दल हुंडणावळ घेतली जाई.

रोमिंग म्हणजे शब्दशः हेंच. मोबाइलच्या सिम कार्डांत एक गुप्त अनुक्रमांक असतो. त्यावरून तें कार्ड कोणत्या देशाचें व कोणत्या पेढीचें, हें कळतें. प्रत्येक कंपनीच्या केंद्रांत दोन वह्या असतात: एक घरची, दुसरी पाहुण्यांची. नांवें आम्हीं कल्पिलेलीं नाहींत. यंत्रज्ञांच्या मूळ परिभाषेंतही तीं अशींच आहेत. इंदापूरचा फोन वाशीजवळ जागा झाला, कीं तेथील कंपनी त्याचा क्रमांक वाचते, पाहुण्यांच्या वहींत टिपते व घरच्या कंपनीस विचारते, ‘हा मनुष्य तुमचा का? याची पत कितपत?’ घरची कंपनी होकार देते आणि आपल्या वहींत लिहून ठेवते, कीं अमुक गिऱ्हाईक सध्यां मुंबईंत अमक्याकडे उतरला आहे. हें सर्व कांहीं क्षणांत होतें. महिन्याकाठीं दोन्ही पेढ्या वह्या पडताळतात व देणेंघेणें वारतात.

येथें एक बारकावा आहे, तो ध्यानांत आल्यावांचून फोन नुसता उचलण्याचे पैसे कां पडत हें कळावयाचें नाहीं. इंदापुरांतून बायकोनें नवऱ्यास फोन लावला; तिला तो कोठें आहे हें ठाऊक असो वा नसो, तिचा फोन प्रथम नवऱ्याच्या घरच्या केंद्रांत जाई. तेथून वहींत पाहून तो मुंबईस वळविला जाई. पहिल्या टप्प्याचे पैसे तिनें द्यावे हें न्याय्यच. दुसरा टप्पा तिनें मागितला नव्हता, म्हणून तो नवऱ्याच्या माथीं. आतां कल्पना करा, कीं एकाच गांवचे दोघे भाऊ परळच्या रुग्णालयांत आईस घेऊन आले आहेत. एक खालीं औषधांच्या रांगेंत, दुसरा वर खाटेपाशीं. खालच्यानें वरच्यास फोन केला, तर तें बोलणें परळाहून निघून महाराष्ट्र मंडळांतील घरच्या केंद्रापर्यंत सह्याद्रि चढून जाई व पुन्हां उतरून परळास येई. एका जिन्याचें अंतर, आणि आकार दोन लांबच्या फेऱ्यांचा.

ही योजना युरोपांत जन्मली. तेथील तेरा देशांच्या टेलिफोन संस्थांनीं सप्टेंबर १९८७ मध्यें कोपनहेगन येथें एक करार केला, कीं आपण सर्वांनीं एकाच मापाची यंत्रणा उभारावी, म्हणजे एका देशाचा फोन दुसऱ्यांत चालेल. त्या मापास जी. एस. एम. म्हणतात. १९९२ सालीं फिनलंडची एक व इंग्लंडची एक अशा दोन कंपन्यांमध्यें पहिला रोमिंगचा करार झाला. म्हणजे निरनिराळ्या राजांच्या, निरनिराळ्या भाषांच्या व चलनांच्या देशांतील भिंती उतरविण्यासाठीं जें साधन निघालें, तें आमच्याकडे एका राज्याच्या शेतास त्याच्याच राजधानीपासून निराळें करणाऱ्या भिंतीच्या कामीं आलें. भिंत साधनानें घातली नव्हती, परवान्यानें घातली होती. साधनानें फक्त तिला दार बसविलें व दाराला पेटी.

‘रोमिंग’ या शब्दाविषयींही थोडें बोलूं. इंग्रजींत त्याचा अर्थ स्वैर हिंडणें असा आहे, आणि मराठींत कोणी त्याला ‘भ्रमण’ म्हणतात. सुखवस्तु प्रवाशाच्या मनांत बसणारा हा शब्द आहे. रुग्णालयाच्या पायरीवर रात्र काढणारा, मंत्रालयांत कागदासाठीं खेटे घालणारा, भाजीच्या ट्रकाबरोबर वाशीच्या बाजारांत उतरलेला मनुष्य हिंडत नसतो. तो कामास आलेला असतो.

आरंभींचे दर आज कानांना खरे वाटणार नाहींत. १९९५ सालीं महानगरांत मोबाइल सुरू झाला तेव्हां एका मिनिटास ८ रुपये ४० पैसे, आणि गर्दीच्या वेळीं १६ रुपये ८० पैसे; तेही करणाऱ्यास आणि घेणाऱ्यास दोघांस. १ मे २००३ पासून घरच्या मंडळांत आलेला फोन घेण्यास पैसे पडेनासे झाले, आणि मोबाइल खरा खेड्यांत शिरला तो त्यानंतर. परंतु सरहद्द ओलांडली कीं जुना न्याय चालू. म्हणून लोकांनीं आपल्या युक्त्या काढल्या. ‘मिस्ड कॉल’ ही त्यांतली सर्वांत थोर. एक वाजवून तोडला म्हणजे पोहोंचलों. दोन म्हणजे दूरच्या पिवळ्या बूथवरून फोन करतों, घरीं राहा. कंपनीची तार वापरून, कंपनीस दिडकी न देतां, पुरा निरोप पोंचविणारी ही भाषा कोणीं शिकविली नाहीं, पण ती साऱ्या देशाला येत होती. दुसरी युक्ति दोन सिम कार्डांची: एक गांवचें, एक मुंबईचें. ज्या घरांतला एक मुलगा मुंबईंत असे, त्या घरच्या भिंतीवर खडूनें त्याचे दोन क्रमांक लिहिलेले असत.

येथें एक तुलना आमच्या मनांत वारंवार येते. दिवाळीनंतर बीडकडून ऊंसतोडणीच्या टोळ्या या दोन तालुक्यांत येतात. भवानीनगर, माळेगांव, सोमेश्वर या कारखान्यांच्या फडांत त्यांच्या कोप्या पडतात. त्यांचें दुसरें सारें आयुष्य परकेपणाचें: पाणी परकें, दवाखाना परका, मुलांची शाळा तुटलेली. पण त्यांच्या फोनास मात्र येथें कधीं रोमिंग पडलें नाहीं, कारण बीड व बारामती एकाच मंडळांत. उलट इंदापूरचा जो मुलगा मुंबईच्या गोदींत वा कचेरींत चार पैसे मिळवीत होता, त्याची आई त्याच्याशीं बोलतांना घड्याळ पाही. ज्यानें नकाशा काढला त्याच्या डोळ्यांपुढें यांतलें कोणीच नव्हतें.

अर्थात् कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. परवान्यासाठीं त्यांनीं प्रचंड रकमा कबूल केल्या होत्या, आणि त्या मुंबईच्या वेगळ्या व महाराष्ट्राच्या वेगळ्या होत्या. परक्या कंपनीस हुंडणावळ द्यावी लागे, लांबच्या तारेचें भाडें द्यावें लागे. देशाचे लहान तुकडे केल्यामुळेंच अनेक कंपन्यांस उतरतां आलें व चुरस झाली, हेंही खरें. पण चुरशीसाठीं मुंबई व महाराष्ट्र हाच सांधा उसविणें अवश्य होतें, असें आम्हांस वाटत नाहीं; आणि सरकारलाही तें पुढें वाटलें नाहीं. २००५ सालीं मुंबई व महाराष्ट्र यांमधील, तसेंच चेन्नई-तामिळनाडू व कोलकाता-पश्चिम बंगाल यांमधील बोलणें एकाच क्षेत्रांतलें समजावें असा निर्णय झाला. त्यामुळें घरून राजधानीस केलेला साधा फोन स्वस्त झाला. परंतु घरचा फोन बरोबर नेणाऱ्याची जकात तशीच राहिली.

ती उतरली हप्त्याहप्त्यानें. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, ज्यास लोक ‘ट्राय’ म्हणतात, फेब्रुवारी २००७ पासून रोमिंगचें मासिक भाडें बंद केलें व आलेल्या फोनास मिनिटामागें १ रुपया ७५ पैसे ही कमाल मर्यादा घातली. जुलै २०१३ पासून ती ७५ पैसे झाली, मे २०१५ पासून ४५ पैसे. दरम्यान २० जानेवारी २०११ रोजीं क्रमांक न बदलतां कंपनी बदलण्याची मुभा देशभर मिळाली, पण तीही मंडळाच्या कुंपणाआंत. बारामतीचा मनुष्य बारामतींत राहून कंपनीशीं काडी मोडूं शके. नोकरीसाठीं मुंबईस बिऱ्हाड हलविलें, कीं क्रमांक टाकावा लागे. ३ जुलै २०१५ पासून तें कुंपणही गेलें. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओ ही कंपनी देशभर रोमिंग फुकट म्हणून बाजारांत उतरली, आणि एअरटेलनें एप्रिल २०१७ पासून देशांतर्गत रोमिंगची आकारणी सोडून दिली. नियामकानें दहा वर्षें कातरीनें जें कापलें, तें बाजारानें शेवटीं एका झटक्यांत तोडलें. तोंवर ज्यांनीं तें भरलें त्यांनीं भरलें.

परक्या जाळ्याचा आणखी एक प्रकार आहे. त्यांत गांव सोडावें लागत नाहीं. आपल्याच शिवारांत आपल्या कंपनीचा आवाज पोंचत नाहीं आणि शेजाऱ्याच्या कंपनीचा पोंचतो, अशा वेळीं आपला फोन शेजारच्या जाळ्यावर कां चालूं नये? लोखंडी मनोरा पुष्कळदां तिघांचा एकच असतो. पण त्यावरचीं यंत्रें व लहरी ज्याच्या त्याच्या. हा वाद २०१० च्या थ्री-जी लिलावानंतर पेटला. एअरटेलला मुंबईच्या लहरी मिळाल्या, महाराष्ट्र मंडळाच्या नाहींत. तेथें त्या वोडाफोन व आयडिया यांस मिळाल्या. तिघांनीं आपसांत करार करून एकमेकांच्या गिऱ्हाइकांस आपापल्या मंडळांत थारा दिला. म्हणजे बारामतींत एअरटेलचें कार्ड असलेला मनुष्य दुसऱ्याच्या लहरींवर थ्री-जी वापरूं लागला. दूरसंचार खात्यानें हें बेकायदा ठरविलें व दंड बसविला. २९ एप्रिल २०१४ रोजीं दूरसंचार न्यायाधिकरणानें निर्णय कंपन्यांच्या बाजूनें दिला. हुंडी सकारण्यास दोन पेढ्या राजी असतां कोतवालानें आडवें यावें काय, असा तो वाद होता, आणि न्यायाधिकरणाचें उत्तर आम्हांस पटतें.

आषाढी वारीच्या दिवसांत या प्रश्नाचें रूप उघड्यावर येतें. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून बेलवाडीच्या रिंगणास जाते, तेथून निमगांव केतकीवरून इंदापुरास. एरवीं चार-दोन हजारांची वस्ती असलेल्या माळावर लाखो माणसें उभीं राहतात, आणि त्यांतल्या बहुतेकांपाशीं फोन असतो. कोणा एका कंपनीचें जाळें गुदमरतें. दिंडींतली म्हातारी चुकलेली असते. शेजारच्या माणसाचा फोन दुसऱ्या कंपनीचा, म्हणून तो लागतो. अशा वेळीं यंत्राच्या नियमांत एकच मोकळीक ठेवलेली आहे: संकटकाळचा ११२ हा क्रमांक आपलें जाळें नसेल तर मिळेल त्या जाळ्यावरून जाऊं शकतो. पोलिसांस बोलाविण्यापुरता फोन सर्वांचा. म्हातारीच्या मुलास बोलाविण्यास ज्याचा त्याचा.

जानेवारी २०२५ मध्यें केंद्र सरकारनें या दिशेनें एक पाऊल टाकलें. डिजिटल भारत निधींतून उभारलेल्या मनोऱ्यांवर भारत संचार निगम, एअरटेल व जिओ यांपैकीं कोणाचाही गिऱ्हाईक कोणाचेंही फोर-जी जाळें वापरूं शकेल, अशी ती योजना आहे. हे मनोरे सरकारी पैशानें उभारलेले आहेत व दूरच्या दुर्लक्षित खेड्यांसाठीं आहेत. कंपन्यांनीं स्वखर्चानें उभारलेल्या मनोऱ्यांस ती लागू नाहीं. म्हणून जेथें कंपन्यांचेच मनोरे, मग तो उजनीच्या फुगवट्याचा कांठ असो कीं बारामतीचा जिराईत पट्टा, तेथें ज्याचें कार्ड त्याचीच लहर हा नियम चालू आहे. आणि लहरींचा लिलाव अद्याप त्याच बावीस मंडळांनीं होतो. २०२४ च्या लिलावांतही महाराष्ट्राची ओळ वेगळी होती व मुंबईची वेगळी.